आईला घेऊन कॅरिबियन क्रूझ: स्नॉर्कलिंग झेपेल का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. आई ६८ वर्षांची. मायामीहून ७ रात्रींची क्रूझ ठरतेय. थांबे कोझुमेल, रोआतान आणि ग्रँड केमन ही बेटं. आईला पोहता येत नाही, गुडघा कुरकुरतो, पण स्नॉर्कलिंगची, म्हणजे मास्क लावून, तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यातले मासे बघायची हौस माझ्यापेक्षा जास्त!

ग्रँड केमनला जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रात नांगर टाकून छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. लाटा असल्या तर त्या बोटीत चढणं-उतरणं तिला जमेल का? तिथल्या स्टिंगरे सिटीत (स्टिंगरे म्हणजे चपटे, लांब शेपटीचे मासे) वाळूच्या पट्ट्यावर कंबरभर पाण्यात उभं राहता येतं, म्हणून मन तिकडेच ओढतंय. रोआतानला वेस्ट बेच्या किनाऱ्यावरूनच पाण्यात शिरून प्रवाळ बघता येतात. कोझुमेलला प्रवाह जोरदार, तिथलं स्नॉर्कलिंग मी जवळजवळ रद्दच केलंय.

पोहता न येणाऱ्या ज्येष्ठांना लाइफ जॅकेट घालून कुणी पाण्यात नेलंय का? तोंडाने श्वास घेताना घाबरायला झालं तर काय करता? चष्म्याच्या नंबरचा मास्क इथूनच न्यावा का?

आणि थांब्यांवरची सहल जहाजाकडून घ्यावी की बाहेरून? बाहेरची स्वस्त पडते, पण परतायला उशीर झाला तर जहाज आपल्यासाठी थांबत नाही, ही धास्ती. आई म्हणते, "मला डेकवर बसव आणि तू जा." ते काही होणे नाही.