झमालेक खरंच 'राजाचा क्लब' आहे का?

दर्यावर्दी
इजिप्तच्या राजधानीतले, कैरोतले दोन बडे फुटबॉल क्लब, अहली आणि झमालेक, यांचा सामना जवळ आला की एक वाक्य हमखास कानावर येतं: अहली जनतेचा, झमालेक राजाचा आणि गोऱ्यांचा. कैरोत हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय, आता आपल्याकडचे फुटबॉलवेडेही तेच घोकायला लागलेत. मला हा सरळसरळ अन्याय वाटतो, म्हणून धागा काढतोय.

१९११ साली जॉर्ज मर्झबाख नावाच्या बेल्जियन वकिलाने 'कस्र अल-नील' या नावाने क्लब काढला. दोन वर्षांनी तो 'मुख्तलत', म्हणजे मिश्र, झाला. १९४१ मध्ये त्याला राजा फारूकचं नाव दिलं गेलं. १९५२ च्या क्रांतीत राजा गेला, नाव झमालेक झालं. चार नावं झाली, ठीक आहे. पण इंग्रजांचा गेझिरा क्लब सामान्य इजिप्शियन माणसाला दारात उभं करत नव्हता, त्याच शहरात एका क्लबाने देशी-परदेशी एकत्र बसतील असं नाव लावलं. ही गोष्ट कुणी का मोजत नाही?

आणि क्लब गोऱ्यांच्या हातात राहिला तरी किती? १९१७ मध्येच इब्राहिम अल्लाम आणि त्यांच्या सोबत्यांनी कारभार इजिप्शियन हातात आणला. चार वर्षांत, १९२१ ला, सुलतान हुसेन कप जिंकला. त्या स्पर्धेत ब्रिटिश लष्कराचे संघ उतरत. त्यांच्या नाकावर टिच्चून कप नेणारा पहिला इजिप्शियन क्लब हाच. पुढच्या वर्षी इजिप्त कपही पहिल्यांदा यांनीच जिंकला. याला गोऱ्यांचा क्लब म्हणायचं?

अबोली_के
दर्यावर्दी, १९२१ चा कप निर्विवाद. पण अहलीला 'जनतेचा' हे बिरुद फुकट मिळालेलं नाही, ते त्यांनी कमावलंय.

१९०७ मध्ये अहली निघाला तो विद्यार्थ्यांना एकत्र यायला जागा हवी म्हणून. कल्पना उमर लुत्फी यांची, ते विद्यार्थी चळवळीतले. सुरुवातीच्या मंडळींत साद झगलूल होते, जे पुढे १९१९ च्या इंग्रजविरोधी उठावाचे नेते झाले. पहिला अध्यक्ष मिचेल इन्स हा इंग्रज होता हे तुम्ही काढणारच, म्हणून मीच सांगते. पण पुढच्याच वर्षी त्या खुर्चीवर इजिप्शियन माणूस बसला.

आता फारूक या नावाकडे या. १९४१ मध्ये क्लबचे अध्यक्ष होते हैदर पाशा. राजाच्या अगदी आतल्या वर्तुळातले, नंतर युद्धमंत्रीही झाले. फुटबॉल संघटनाही त्यांच्याच हातात. १९४३ मध्ये मुख्तार अल-तेत्श अहलीचा संघ घेऊन पॅलेस्टाईनला खेळायला गेला, तर संघटनेने खेळाडूंवर बंदी घातली. एकाच माणसाच्या हातात राजाचा कान, संघटनेचा शिक्का आणि प्रतिस्पर्धी क्लबची खुर्ची. लोकांनी त्या क्लबला राजाचा म्हटलं तर त्यांचं काय चुकलं?

दर्यावर्दी
लोकांचं नाही चुकलं. चुकतंय ते फक्त एकाच बाजूचा हिशेब ठेवणाऱ्यांचं. १९५६ मध्ये गमाल अब्देल नासर अहलीचे मानद अध्यक्ष झाले. देशाचा सर्वेसर्वा माणूस! मग अहलीला कुणी 'सरकारी क्लब' म्हणतं का? सत्तेशी सलगी दोघांनीही केली. राजा हरला म्हणून त्याच्याशी जोडलेलं नाव डाग ठरलं, नासर लोकांच्या मनात राहिले म्हणून तेच नातं भूषण ठरलं.

हुसेन हेगाझीचं उदाहरण घ्या. इजिप्तच्या फुटबॉलचा पहिला मोठा तारा. इंग्लंडमध्ये डलविच हॅम्लेटकडून खेळला, फुलहॅमकडूनही उतरला. परत आल्यावर अहली आणि मुख्तलत दोन्हीकडे खेळला. त्याला कुणी विचारलं नाही की बाबा, तू जनतेचा की राजाचा.

शेवटची_लोकल
मी दोहात असतो, ऑफिसात इजिप्शियन सहकारी दोन्ही रंगांचे आहेत. त्यांच्या भांडणात हा राजा वगैरे फार येत नाही. भूगोल मात्र येतो, आणि तो मजेशीर आहे. अहलीचं मुख्यालय नाईलमधल्या गेझिरा बेटावर, म्हणजे झमालेक वस्तीच्या बेटावरच. आणि झमालेक क्लब? तो नदीपलीकडे, गिझाच्या बाजूला, मित ओक्बात. आधी शहरात, मग अगूझाला नदीकाठी, मग तिथे. म्हणजे ज्या उच्चभ्रू पत्त्यावरून झमालेकला टोमणे बसतात, तो पत्ता अहलीचा!

खरी जखम वेगळीच आहे. आफ्रिकन फुटबॉल महासंघाने अहलीला विसाव्या शतकातला सर्वोत्तम आफ्रिकन क्लब ठरवलं. त्या शतकात खंडातली सगळ्यात मोठी स्पर्धा झमालेकने चारदा जिंकली होती (१९८४, १९८६, १९९३, १९९६), अहलीने दोनदा (१९८२, १९८७). अहलीचे गुण भरले ते कप विजेत्यांच्या कपमधून, जी दुय्यम स्पर्धा होती. झमालेकवाले आजही 'शतकाचा खरा क्लब आम्हीच' म्हणतात ते यामुळे. माझ्या मते झमालेकची ओळख या तक्रारीवर उभी आहे, फारूकवर नाही.

अबोली_के
तक्रारीवर किती दिवस जगायचं? त्याच मोठ्या स्पर्धेची विजेतेपदं आज मोजा: अहली बारा, झमालेक पाच. २७ नोव्हेंबर २०२० ची तिची फायनल तर या दोघांतच झाली. करोनामुळे स्टेडियम रिकामं. सुरुवातीलाच अहलीच्या सोलियाने हेडरने गोल केला. मग शिकाबालाने उजवीकडून आत घुसत डाव्या पायाने चेंडू थेट वरच्या कोपऱ्यात मारला. मी अहलीची, पण तो गोल पाहून उठून उभी राहिले. आणि ८६ व्या मिनिटाला मगदी कफशाने डीच्या बाहेरून मारलेला तो फटका. २-१. शतकाच्या क्लबचा वाद माझ्यापुरता तिथे मिटला.

दर्यावर्दी
जिंकण्यावरच ओळख ठरत असेल तर रियाधमध्ये २०२४ चा आफ्रिकन सुपर कप अहलीविरुद्ध पेनल्टींवर कुणी घेतला तेही लिहा. पण माझा मुद्दा चषकांचा नाहीच. झमालेकला तिथे 'कला आणि इंजिनिअरिंगची शाळा' म्हणतात. हरलात तरी चालेल, पण खेळ देखणा हवा, ही त्या पब्लिकची अट आहे. हे कुठल्या राजाने शिकवलेलं नाही.

कोरडवाहू
तुम्हा दोघांचं वाचतोय. कैरोच्या दोन बड्या क्लबांनी 'जनता' आपसात वाटून घेतली आणि बाकी इजिप्तला प्रेक्षक करून टाकलं, हे कुणीच बोलत नाही. जनतेचा क्लब बघायचाय तर सुएझ कालव्याकाठच्या इस्माइलिया शहरातल्या इस्माइली क्लबकडे बघा. १९६७ च्या युद्धानंतर सुएझ कालव्याकाठची शहरं रिकामी करावी लागली, देशातली लीग बंद पडली. घर-मैदान सुटलेला हा संघ अरब देशांत फिरून युद्धनिधीसाठी सामने खेळला. आणि त्याच काळात १९६९ चा आफ्रिकन चषक जिंकला. अरब जगतातला पहिला क्लब! अली अबू ग्रेशा तेव्हा त्यांचा हिरा. त्यानंतर काय झालं? इस्माइलियात चांगला खेळाडू तयार झाला की आज ना उद्या त्याला कैरोचं बोलावणं येतं. राजाचा कोण हा वाद घालताना हेही आठवा.

अबोली_के
कोरडवाहू, इस्माइलीबद्दल पूर्ण सहमत, त्यावर वेगळा धागा काढा, मी येते.

दर्यावर्दी, तुम्हाला एकच विचारते. १९४४ च्या कप फायनलमध्ये अहलीला ६-० हरवलं ते झमालेकवाले आजही मिरवतात ना? तेव्हा क्लबचं नाव फारूक होतं. सहा गोल घ्यायचे तर फारूकही घ्यावा लागेल.

दर्यावर्दी
घेतात ते. चारही नावं घेतात, फारूकसकट. मी राजा पुसा म्हणत नाही, अकरा वर्षांच्या एका नावात शंभरहून जास्त वर्षांचा क्लब कोंबू नका म्हणतो. ८ फेब्रुवारी २०१५ ला सामना बघायला आलेली झमालेकची पोरं स्टेडियमबाहेर काटेरी तारांच्या अरुंद वाटेत अडकली, अश्रुधूर सोडला गेला, वीसच्या आसपास जण गेले. त्याआधी २०१२ मध्ये पोर्ट सईदला सामन्यानंतरच्या हिंसाचारात अहलीची सत्तरहून जास्त माणसं गेली होती. त्या दोन्ही याद्यांत राजाचं कुणी नव्हतं. साधी तिकिटं काढणारी माणसं होती, दोन्हीकडची.

अबोली_के
हे मान्य. हैदर पाशांबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम आहे.