शब्दचर्चा: बायबलमधला ‘करार’

जानेवारीपासून आमच्या घरी अख्खं बायबल वाचणं सुरू आहे. एकूण ११८९ अध्याय, म्हणजे रोज तीन-चार झाले तर वर्षात पूर्ण होतं. रात्री जेवणं आटोपली की आई वाचते, आम्ही ऐकतो. परवा मुलाने मध्येच विचारलं, “आजी, करार म्हणजे तो घरभाड्याचा कागद ना, अकरा महिन्यांचा?” आई थांबली. मलाही उत्तर सुचलं नाही. आपण नागपूरकर तर करार म्हटलं की थेट १९५३ च्या नागपूर करारावर जातो. भक्तीच्या ग्रंथात, तोही ‘जुना करार’, ‘नवा करार’ असा बायबलच्या दोन भागांच्या थेट नावातच, हा कचेरीतला शब्द का घेतला असेल?

प्रतिसाद (धंतोलीहून): मला हा शब्द कोरडाच वाटतो. ‘वचन’ का नको? आपल्या कानात बसलेला शब्द आहे.

मूळ लेखक: ताई, वचन आधीच कामाला लागलंय. ‘योहान ३, वचन १६’ असं आपण म्हणतो, तिथे त्याचा अर्थ ओळ. शिवाय वचन एकटा माणूस देतो, कराराला दोन बाजू लागतात.

प्रतिसाद (कामठी रोड): आमच्याकडे प्रार्थना हिंदीत असते. हिंदी बायबलात ग्रंथाचं नाव ‘नया नियम’, पण आत, शेवटच्या भोजनात येशू प्याला देतो तिथे, ‘नई वाचा’. एकाच कल्पनेला दोन शब्द. मराठीत बाहेर आणि आत एकच ‘करार’ राहतो, म्हणून धागा सुटत नाही. नोहाचं इंद्रधनुष्य, अब्राहाम, सीनाय पर्वत, यिर्मया संदेष्टा, शेवटचं भोजन, सगळीकडे तोच शब्द भेटत जातो. सलग वाचणाऱ्याला हे फार मोलाचं आहे, जी. आणि मूळ अरबी ‘करार’ म्हणजे स्थैर्य, ठाव. ‘बेकरार’ आठवा, म्हणजे मनाला ठाव नसलेला. आपला ‘करारी माणूस’ही त्यातलाच.

मूळ लेखक: भाऊ, हे वाचून मी पुन्हा बायबलच्या पहिल्या पुस्तकातला, उत्पत्तीचा, १५ वा अध्याय काढला. तिथे देव अब्रामशी, म्हणजे पुढच्या अब्राहामशी, करार करतो. हिब्रूत शब्द ‘बरीथ’, आणि तो करत नाहीत, ‘कापतात’. अब्राम कालवड, शेळी, मेंढा मधोमध चिरतो आणि अर्धे भाग समोरासमोर मांडतो. गिधाडं उतरतात, तो त्यांना हाकलत बसतो. जुन्या रीतीप्रमाणे करार करणाऱ्यांनी त्या तुकड्यांमधून चालायचं: शब्द मोडला तर माझी गत अशीच होवो. पण अंधार पडतो, अब्रामला गाढ झोप लागते, आणि मधून जाते ती फक्त धुमसती भट्टी अन् जळती मशाल. म्हणजे देव एकटाच चालला. दोन बाजूंचा करार, आणि जामीन एकच! मी वर ‘दोन बाजू लागतात’ लिहिलं, ते इथे अपुरं पडतं. मुलाला हेच सांगितलं. भाड्याच्या कागदावर दोन सह्या असतात, इथे सही करायच्या वेळी अब्राम झोपलेला होता.

प्रतिसाद (धंतोलीहून): हे मी कित्येकदा वाचलंय, पण झोपेकडे लक्षच गेलं नव्हतं. आणि ‘कापणं’ आपल्यालाही परकं नाही. लग्न ठरलं की आपण ‘सुपारी फुटली’ म्हणतो. फोडून जोडायचं. तुटायचं असलं की ‘काडीमोड’. दोन्हीकडे काहीतरी मोडतं, अर्थ मात्र उलटे.

मूळ लेखक: सुपारी! आईला लगेच वाचून दाखवलं. सीनायला मात्र लोक जागे असतात. ‘आम्ही सारं पाळू’ म्हणतात, आणि निर्गम या दुसऱ्या पुस्तकाच्या ३२ व्या अध्यायात पूजेला सोन्याचं वासरू उभं राहतं, म्हणजे करार मोडतो. पुढे यिर्मया ३१ मध्ये देव म्हणतो की नवा करार करीन, तो हृदयावर लिहीन. ‘नवा करार’ हे नाव तिथलंच आहे. हृदयावर लिहिलेल्याला ‘करार’च म्हणायचं की तुमच्या घरी, तुमच्या मंडळीत दुसरा शब्द चालतो? कुणी सांगाल का? आमचं वाचन तिथवर पोचायला अजून महिना आहे.