धुऱ्यावरचा निंब शेजारच्या विहिरीचं पाणी पितो का?

निंबवाला (धागा सुरू करणारा)

आमच्या धुऱ्यावर (बांधावर) आजोबांच्या हातचा कडूनिंब आहे, ४० फुटांच्या आसपास उंच. पलीकडच्या वावरातले काका म्हणतात, "झाड जेवढं वर तेवढंच खाली. माही विहीर ३५ फुटांची. मार्चात आटते ते तुह्या निंबापायी. तोडून टाक."

माझ्या मते 'जेवढं वर तेवढं खाली' ही निव्वळ ऐकीव गोष्ट आहे. दोन वर्षांमागं वावधनात (वादळात) आमच्या पांदणीतली चिंच उपटून आडवी झाली. धूड केवढं, पण मुळांची थाळी जेमतेम ३ फूट जाड. रुंदी मात्र अशी की पांदणीतून बंडी जाईना. मुळाला पाण्याइतकीच हवा लागते. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, खाली हवा उरत नाही. उन्हाळ्यात ती भेगाळते, तेव्हा बारीक मुळं तटातट तुटतात. म्हणून झाडाची बहुतेक खाणारी-पिणारी मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच आडवी पळतात, आणि फांद्यांच्या घेराच्या कितीतरी बाहेर जातात. माझ्या निंबाच्या फांद्या बुडापासून १८ फुटांपर्यंत आहेत. काकांच्या पऱ्हाटीचे (कपाशीचे) ९ तास (ओळी) खुजे राहतात, ४ फुटी तासांनी झाले ३६ फूट. तेव्हा पऱ्हाटीची तक्रार मला मान्य आहे. विहिरीची नाही.

विहीरखोद्या

भाऊ, पडलेली चिंच तुमी पाह्यली. उभ्या चिंचीच्या खाली कोण उतरून पाह्यलं? झाड उपटते तवा आडवी मुळं वर येतात, खाली गेलेलं मूळ तुटून तिथंच राह्यते. थाळी मोजून खोली सांगणं म्हणजे उपटलेल्या पऱ्हाटीचं तुटकं सोटमूळ पाहून तिची खोली सांगणं.

मी २० वर्षं विहिरी खोदून राह्यलो. काळी संपली का मुरूम, मुरूम संपला का पत्थर. एका वावरात २२ फुटांवर पत्थराच्या फटीत बाभळीचं मूळ भेटलं. करंगळीएवढंच, पण टोकाले केसाचा झुपका अन् तो ओला. जवळ दुसरं झाड नव्हतं. बाभूळ विहिरीपासून ३० फूट लांब उभी होती.

अकोल्याचा

दोघंही बरोबर असू शकता. १९९६ साली जगभरातल्या २५३ जातींच्या मुळांच्या खोलीच्या नोंदी एकत्र केल्या गेल्या. त्यात झाडांच्या कमाल खोलीची सरासरी आली साधारण ७ मीटर, पिकांची २ मीटरच्या थोडी वर. सर्वांत खोल नोंद कालाहारी वाळवंटातल्या एका झाडाची, ६८ मीटर. बोअर मारताना ते मूळ सापडलं. अमेरिकेत अॅरिझोनातल्या उघड्या खाणीत आपल्या वेड्या बाभळीच्या जातकुळीतल्या झाडाचं मूळ ५३ मीटरवर दिसलं होतं.

निंबवाला

कालाहारीचा दाखला विदर्भाला कसा लागू होईल? तिथं वाळू आहे, वाळूत हवा खेळते आणि पाणी फार खाली असतं. गावात एक पैलवान सात फुटी निघाला म्हणून आपण दारं सात फुटी करत नाही.

विहीरखोद्या

कालाहारी सोडा. ती ७ मीटरची सरासरी तं धरा! ७ मीटर म्हणजे २३ फूट. काकाच्या विहिरीले दिवाळीत पाणी किती फुटांवर असते, ते सांगा.

निंबवाला

२० फुटांवर. बरं, मानलं, निंबाचं एखादं मूळ तिथवर पोचत असेल. 'पोचतच नाही' हा माझा हट्ट सोडतो. पण पोचणं आणि विहीर आटवणं यात फरक आहे. मोठं झाड दिवसाला २०० लिटर पितं असं धरा, आणि सगळंच विहिरीतून घेतं असंही धरा. काकांची ५ एचपीची मोटर तेवढं पाणी मिनिटभरात ओढते. हरभऱ्याला रात्रभर मोटर चालते, तेव्हा निंब आठवत नाही. शिवाय खोल मुळं रात्री खालचं पाणी वर ओढून कोरड्या मातीत थोडं सोडतात, हे १९८७ मध्ये अमेरिकेतल्या युटात एका झुडपावर दाखवलं गेलं. म्हणजे झाड नुसतंच घेतं असंही नाही.

पऱ्हाटीवाली

रात्री पाणी देते म्हणता, मंग पऱ्हाटी गुडघ्याएवढीच काऊन? युटातलं झुडूप राहू द्या तिथंच. निंबोळ्या तुमच्या, दुपारची सावली तुमच्या बंडीले, अन् खुजे ९ तास त्या काकाचे. त्याच तासांत बियाणं तेवढंच पडते, खत तेवढंच, निंदणाची मजुरी तेवढीच. वेचणीच्या वेळी तिथं बाई अर्ध्या दिवसात ओटी भरत नाही. तुमाले झाडाचं प्रेम आहे, चांगली गोष्ट आहे. पण त्याची किंमत कोण देऊन राह्यलं, तेही सांगा ना.

निंबवाला

ताई, हे लागलं. उत्तर नाही माझ्याजवळ. फक्त एक वाटतं, खुजेपण सावलीनंही असू शकतं.

अकोल्याचा

ते ओळखता येतं. काकांचं वावर निंबाच्या कोणत्या अंगाला? पऱ्हाटीला बोंडं धरतात ती सप्टेंबर-ऑक्टोबरात. तोवर सूर्य दक्षिणेला कललेला असतो, सावली उत्तरेला पडते. वावर दक्षिणेला असेल तर सावलीचं निमित्त फारसं चालणार नाही.

निंबवाला

दक्षिणेलाच आहे. गेलं!

वरुडचा बागवान

आमच्याकडे संत्र्यातही हेच. झाड १५ फुटांचं, पण खाणारी मुळं बहुतेक वरच्या फूट-दीड फुटात. तरी अजून लोक खत बुडाशी ओततात. ते फांद्यांच्या टोकाखाली पडलं पाहिजे. पाण्याचंही तसंच. दुहेरी आळं करायचं, आतल्या आळ्यात खोड कोरडं ठेवायचं, नाहीतर डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागतो.

माझ्या बागेच्या धुऱ्यावर सागवान आहे. शेवटच्या ओळीतली संत्री पिवळी पडत होती, आंबिया बहार (हिवाळ्याच्या शेवटी येणारा) टिकेना. जेसीबीनं धुऱ्यालगत ३ फूट खोल खंदक मारला. मनगटाएवढी मुळं कापली गेली, सगळी २ फुटांच्या वरच. पुढच्या वर्षी ओळ हिरवी झाली. तिसऱ्या वर्षी खंदक गाळानं भरला आणि मुळं परत आली, तर पुन्हा मारला. खंदक लग्नासारखा एकदाच करून भागत नाही. आणि विहिरीचं म्हणाल तर आमच्या भागात हजार फुटांचे बोअर झाले. तिथवर कुठलं मूळ गेलं नाही, पाणी मात्र गेलं.

बांधीवाला

भंडाऱ्याकडून सांगतो, धानाच्या बांधीत (खाचरात) पाणी साचतं. पाळीवरच्या झाडांची मुळं वीतभर खाली आडवीच. खणायचीही गरज नाही, चिखलणी करताना नांगराला अडकतात. जमीन जशी, तसं मूळ.

दर्यापूरकर

आणि आमच्या खारपाणपट्ट्यात माती इतकी खोल की विहिरीत पत्थर लागत नाही. पण खाली खारं पाणी. मूळ खोल जाऊन करेल काय? झाडाची खोली झाडाला विचारू नका, मातीला विचारा.

पऱ्हाटीवाली

मंग मातीलेच विचारा. खंदक मारा अन् काकाले बोलवा पाहाले. पैसे मात्र निंबवाल्याचे.

निंबवाला

मान्य. मृगाच्या आधी मारतो. ३ फूट खोल, काकांच्या अंगानं, बुडापासून ८ फुटांवर. पऱ्हाटी सुधारली तर निंब राहील. विहीर तरीही मार्चात आटली, तर काकांनी मोटरीचे तास मोजायचे.

विहीरखोद्या

८ फूट नका करू भाऊ, १५ करा. अन् एकाच अंगानं. आमच्या गावात एकानं दोन्ही बाजूंनी जवळून खंदक मारला, अन् पहिल्याच वावधनात झाड गोठ्यावर गेलं. बैल बाहेर बांधले होते म्हणून वाचले. काकाचा गोठा कुठं हाये, तेवढं पहिले पाहून घ्या.