चार धंदे आणि एकच रकाना: उद्योगाचा संकेतांक कोणता लिहू?

रंधा

मी आणि धाकटा भाऊ मिळून लाकूडकामाचा कारखाना चालवतो. कारखाना म्हणजे आम्ही धरून अकरा माणसं. खुर्च्या, टेबलं, कपाटं हे मूळ काम. दारं-खिडक्या आणि त्यांच्या चौकटीही बनवतो. पुढच्या बाजूला शोरूम आहे. तिथे आमचा माल असतोच, शिवाय दुसऱ्यांकडून आणलेले दिवे, पंखे आणि तयार सोफेही विकतो. बांधकामवाले आम्हाला त्यांनीच आणलेली दारं आणि स्वयंपाकघरातली कपाटं नुसती बसवायला बोलावतात, ते वेगळं. आणि भाऊ लोकांना अंतर्गत सजावटीचे आराखडे काढून देतो. ते लोक फर्निचर आमच्याकडूनच घेतील असंही नाही.

आता एका अर्जात रकाना आहे: "मुख्य आर्थिक कृती, चार अंकी संकेतांक". एकच. जुनी कागदपत्रं काढली तर तीन ठिकाणी तीन आकडे! कर्जाच्या अर्जावर ४७५९, विम्याच्या कागदावर ३१००, हिशेबनीसांनी कुठेतरी ४३३० घातलाय. तिघांनीही आपापल्या वेळी ठामपणे "हाच" म्हणून सांगितलं होतं.

रात्री यादी उघडून बसले. ३३ नंतर एकदम ३५! ३४ गेला कुठे? आणि जागोजागी "इतरत्र वर्गीकृत न केलेले". आम्ही त्यातच बसतो असं भाऊ म्हणतो. कुणी नीट सांगेल का?

पानगळ

इतका विचार करू नका. ज्याची विक्री सगळ्यात जास्त, त्याचा आकडा घाला. शोरूम जास्त चालत असेल तर ४७५९.

जुना_नोंदकार

पानगळ, थांबा. विक्रीवरून ठरवणं हीच यातली सगळ्यात नेहमीची चूक आहे.

रंधाताई, मी बावीस वर्षं हेच काम केलं. लोकांनी आपल्या धंद्याचं वर्णन लिहिलेलं असायचं, ते वाचायचं आणि समोर चार आकडे मांडायचे. वर्णनं कसली? "व्यापार". बस, एवढंच. किंवा "सर्व प्रकारची कामे केली जातील". एकाने धंद्याच्या स्वरूपासमोर "वडिलोपार्जित" लिहिलं होतं, तो कागद मी कितीतरी दिवस टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. त्यामानाने तुमचं वर्णन सोन्यासारखं आहे.

आधी ३४ चं बघू. तुम्ही पाहताय ती यादी संयुक्त राष्ट्रांची, आयसिक नावाची, तिची चौथी आवृत्ती. पहिली १९४८ साली आली. चौथीत २१ विभाग आहेत, त्यांना अक्षरं दिली आहेत. त्यांच्या पोटात ८८ प्रभाग (पहिले दोन आकडे), मग २३८ गट (तिसरा आकडा) आणि शेवटी ४१९ वर्ग (चौथा). अक्षर संकेतांकात दिसत नाही, ते प्रभागावरून कळतं. १० ते ३३ पर्यंतचे सगळे प्रभाग म्हणजे सी विभाग, वस्तुनिर्माण. ३५ म्हणजे डी विभाग, वीज आणि गॅस. मधला ३४ मुद्दाम मोकळा सोडलाय, उद्या नवा प्रभाग काढावा लागला तर सगळी यादी पुन्हा क्रमांकित करायला नको म्हणून. अशा मोकळ्या जागा आणखीही आहेत: ०४, ४०, ४४, ४८ वगैरे. नव्या चाळीत एखादी खोली रिकामी ठेवावी तसं.

३१०० मधले शून्यही उगाच नाहीत. प्रभाग ३१ म्हणजे फर्निचर, त्याचा एकच गट, ३१०, आणि त्या गटाचा एकच वर्ग, ३१००. पुढे फोड नाही, की शून्य. नऊ आकड्यावर संपणारे बरेचसे "इतर" असतात. तुमचे ४७५९ मात्र तसे नाही, ते नऊ असूनही नेमकं आहे: घरगुती विजेची उपकरणं, फर्निचर, दिवे आणि घरातल्या इतर वस्तूंची किरकोळ विक्री. भावाला सांगा, "इतरत्र वर्गीकृत न केलेले" हा शेवटचा दरवाजा आहे, आधी बाकीचे सगळे ठोठावायचे.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही बनवलेलं टेबल तुमच्याच शोरूममध्ये विकलंत, तर त्या विक्रीला व्यापार म्हणत नाहीत. ते वस्तुनिर्माणातच धरतात. व्यापार म्हणजे दुसऱ्याने बनवलेली वस्तू घेऊन, तिच्यात बदल न करता विकणं. म्हणजे शोरूमच्या विक्रीतून आधी तुमचा माल बाजूला काढा. उरले दिवे, पंखे, सोफे. त्यांतही विक्रीची रक्कम बघायची नाही, मूल्यवर्धन बघायचं. शंभराला विकलेला दिवा ऐंशीला आणला असेल तर तुमच्या हातून त्यात वीसच पडले, आणि दुकानाचं वीजबिल वगैरे अजून त्यातूनच जायचंय. उलट आराखड्याच्या कामात कागद-पेन्सिल सोडली तर बाहेरून काही येतच नाही, जवळजवळ सगळी रक्कम मूल्यवर्धनच. म्हणून विक्रीवरून पाहिलं की व्यापार नेहमी फुगलेला दिसतो.

अजून एक. स्वतःचा माल पोचवायची गाडी, स्वतःचं गोदाम, स्वतःचे हिशेब, आणि भाऊ तुमच्याच टेबलांची जी चित्रं काढतो ती, हे सगळं पूरक काम. त्याला वेगळा संकेतांक नाही. जी कामं बाहेरच्यांसाठी, पैसे घेऊन होतात तेवढीच मोजायची.

तेव्हा पाच कप्पे करा: फर्निचर (३१००), दारं-खिडक्या-चौकटी (१६२२), आणून विकलेला माल (४७५९), नुसतं बसवून देणं (४३३०), आराखडे (७४१०). प्रत्येकाच्या उत्पन्नातून बाहेरून आणलेल्या वस्तू-सेवांचा खर्च वजा करा. पगार मात्र वजा करू नका, सगळे तिथेच घसरतात. उरतं त्याची टक्केवारी इथे टाका.

ते तिघे अगदीच खोटं बोलले असतील असं नाही. कर्ज कदाचित शोरूमसाठी घेतलं असेल, विमा कारखान्याचा असेल, आणि हिशेबनिसांसमोर त्या महिन्यात बसवणुकीची बिलं असतील. ज्याने जे पाहिलं, त्याने त्याचा आकडा लिहिला.

पानगळ

मान्य, चुकलो. पण मग शेअरबाजारातली क्षेत्रं? तिथे २०१८ मध्ये अल्फाबेट आणि फेसबुक माहिती-तंत्रज्ञानातून उचलून 'संपर्क सेवा' नावाच्या क्षेत्रात टाकले होते. तेव्हा मूल्यवर्धन बदललं होतं का काय?

जुना_नोंदकार

नाही, तो संसारच वेगळा. ते वर्गीकरण गिक्स, १९९९ मध्ये एमएससीआय आणि एस अँड पी या कंपन्यांनी गुंतवणूकदारांसाठी काढलेलं. कंपनीची कमाई मुख्यतः कशातून येते आणि बाजार तिच्याकडे कोणाच्या रांगेत उभी म्हणून पाहतो, हे त्यात महत्त्वाचं. आयसिकचा प्रश्न निराळा: इथे काय घालतात, त्यावर कोणती प्रक्रिया होते, बाहेर काय पडतं. मालक कोण, कंपनी आहे की एकट्याचा धंदा, काम हाताने होतं की यंत्राने, याच्याशी तिला देणंघेणं नाही. हाताने कोरलेली खुर्ची आणि यंत्रातून निघालेली खुर्ची, दोन्ही ३१००. ताईंच्या भावाला हे आवडणार नाही असा माझा अंदाज.

आणि हा संकेतांक धंद्याचा असतो, माणसाचा नाही. ताईंच्या कारखान्यातला रखवालदारसुद्धा उद्योगाच्या तक्त्यात फर्निचरवाल्यांतच मोजला जातो. तो रखवालदार आहे, हे सांगायला व्यवसायांचं वेगळं वर्गीकरण आहे.

तक्तेवाली

मी अशा आकडेवारीवर शोधनिबंध लिहितेय, म्हणून थोडी रडगाणी गाऊन घेते. आवृत्ती बदलली की काय होतं? तिसऱ्या आवृत्तीत पुस्तकं-वर्तमानपत्रांचं प्रकाशन छपाईसोबत वस्तुनिर्माणात होतं. चौथीत छपाई तिथेच राहिली, पण प्रकाशन उठून माहिती आणि दळणवळणात गेलं. म्हणजे एकही छापखाना बंद पडला नाही, एकाही माणसाची नोकरी गेली नाही, तरी तक्त्यात वस्तुनिर्माण घटलं! घरगुती वस्तूंची दुरुस्तीही आधी किरकोळ व्यापारासोबत बसायची, नंतर तिला वेगळी जागा मिळाली. मी पहिल्यांदा दोन आवृत्त्यांचे आकडे सलग जोडले, आलेखात कडा कोसळलेला पाहिला आणि त्यावर दोन पानं कारणमीमांसा लिहिली. मार्गदर्शकांनी समासात एकच शब्द लिहिला: "आवृत्ती?"

ती दोन पानं मी अजून जपून ठेवली आहेत.

उत्तर अमेरिकेत याहून मोठी उलथापालथ झाली. अमेरिकेची जुनी चार अंकी यादी १९३० च्या दशकातली, शेवटची दुरुस्ती १९८७ ची. १९९७ मध्ये अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांनी मिळून सहा अंकी नेक्स आणली, ती दर पाच वर्षांनी सुधारतात. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या रोखे बाजाराच्या नियामकाकडे कंपन्यांच्या नोंदींवर अजून ती जुनी चार अंकी यादीच चालते. आणि २०२२ च्या नेक्समध्ये ऑनलाइन विक्रीचा वेगळा गटच काढून टाकला. काय विकता ते सांगा, दुकानातून विकता की पडद्यावरून, हे आता त्या यादीत विचारत नाहीत.

रंधा, तुमच्या अर्जावर यादीचं नाव आणि साल छापलंय का, ते आधी बघा. युरोपच्या नासे या यादीचे पहिले दोन आकडे आयसिकशी जुळतात, पण पुढचे जुळतीलच असं नाही. भारताची एनआयसी २००८ ही यादी पाच अंकी आहे, तिच्यात १३०४ उपवर्ग. आयसिकचीही पाचवी आवृत्ती २०२३ मध्ये मंजूर झाली, तिच्यात विभाग २१ चे २२ झालेत.

रंधा

अर्जावर "आयसिक, चौथी आवृत्ती" असंच छापलंय, बारीक अक्षरात, तळाला.

दोन संध्याकाळी गेल्या. विक्रीने पाहिलं तेव्हा आणून विकलेला माल निम्म्याच्या जवळ होता. काकांनी सांगितल्याप्रमाणे वजाबाक्या केल्यावर मूल्यवर्धन असं आलं:

फर्निचर २२ टक्के
दारं-खिडक्या-चौकटी १८
आणून विकलेला माल २८
बसवणूक २०
आराखडे १२

म्हणजे शेवटी व्यापारच मोठा निघाला ना? ४७५९ लिहिते.

जुना_नोंदकार

थांबा, थांबा. हिशेब छान केलात, पण आता खालून निवडू नका, वरून उतरा.

पहिला प्रश्न वर्गाचा नाही, विभागाचा. फर्निचर आणि दारं-खिडक्या दोन्ही सी विभागात: २२ आणि १८, मिळून ४०. व्यापाराचा जी विभाग २८. बांधकामाचा एफ विभाग २०. आराखडे एम विभागात, १२. सी जिंकला, बाकीचे इथेच बाद. आता सीच्या आतच राहायचं, पुन्हा बाहेर बघायचं नाही. प्रभाग ३१ ला २२ आणि प्रभाग १६ ला १८, म्हणजे ३१. पुढे एकच गट, एकच वर्ग. ३१००.

एकट्या वर्गात २८ सगळ्यात मोठा असून हरला आणि २२ जिंकला, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. मलाही पटलं नव्हतं, वरिष्ठांशी वाद घातला होता. पण असं बघा, तुमच्या कारखान्यात लाकूड कापून काहीतरी घडवणं हे दोन कप्प्यांत विभागलं गेलंय, ते केवळ यादी तिथे बारीक आहे म्हणून. यादी करणाऱ्याने फर्निचर आणि दारं एकत्र ठेवली असती तर तुम्हाला हा प्रश्नच पडला नसता. यादीच्या बारीकपणामुळे धंद्याचा विभाग बदलू नये, म्हणून वरून उतरायचं.

आणि दरवर्षी हे करत बसू नका. दुसरं काम पहिल्याच्या पुढे गेलं तरी लगेच आकडा बदलत नाहीत, साधारण दोन वर्षं ते पुढेच राहिलं तर बदलतात. नाहीतर एखादं वर्ष दिवे जास्त खपले की तुम्ही व्यापारी, पुढच्या वर्षी पुन्हा सुतार, आणि तक्तेवाली बाई पुन्हा दोन पानं लिहिणार.

तक्तेवाली

काका! 😄

पानगळ

एक शंका. ताईंनी उद्या लाकूड कापणंच बंद केलं, सगळं बाहेरून बनवून घेतलं आणि आपल्या नावाने विकलं, तर?

जुना_नोंदकार

लाकूड कोणाच्या मालकीचं, ते विचारायचं. ताईंनी स्वतःचं लाकूड देऊन बनवून घेतलं तर चौथ्या आवृत्तीप्रमाणे त्या अजूनही निर्मात्याच. बनवणाऱ्यानेच लाकूड आणलं तर ताई व्यापारी. प्रत्यक्ष बनवणारा दोन्ही वेळा निर्माताच. कागदावर सोपं वाटतं. लाकूड ताईंचं आणि काच-बिजागऱ्या त्याच्या, असं वर्णन समोर आलं की आम्ही चहा मागवायचो.

रंधा

३१०० लिहून अर्ज दिला. जुन्या दोन कागदांनाही हाताळायला हवं, पण कर्जाचा आकडा मी तूर्त तसाच ठेवणार आहे. ते खरंच शोरूमसाठी घेतलं होतं, काकांनी न सांगता ओळखलं.

भावाला हे सगळं वाचून दाखवलं. हाताची आणि यंत्राची खुर्ची एकच, हे ऐकून तो गप्पच झाला. मग म्हणाला, आराखड्यांचे १२ टक्के कसे असतील, तू माझे रात्रीचे तास धरलेच नाहीस. मी म्हटलं तासांचे पैसे घेतोस का लोकांकडून? नाही घेत.

आता तो जुनी बिलं काढून बसलाय.