नॅनो युरियाला परवाना देताना घाई झाली का?

शिवार_सांगली: फेब्रुवारी २०२१ मध्ये नॅनो युरिया, म्हणजे पानांवर फवारायचा अतिसूक्ष्म कणांचा द्रवरूप युरिया, केंद्राच्या खत नियंत्रण आदेशात (कोणती खतं विकता येतील ते ठरवणारा नियम) आला, मेअखेरीस इफको या खत बनवणाऱ्या सहकारी संस्थेने तो जाहीरही केला. दावा काय, तर ५०० मिलीची बाटली म्हणजे साध्या युरियाची ४५ किलोची एक गोणी. आता हिशोब मांडा. बाटलीत ४ टक्के नत्र, म्हणजे २० ग्रॅम. गोणीत ४६ टक्क्यांनी २० किलोच्या वर. हजारपट फरक! माझं स्पष्ट मत: कंपनीचा पैसा नसलेल्या तीन हंगामांच्या चाचण्या झाल्याशिवाय कुठल्याही नॅनो निविष्ठेला (खत, कीटकनाशक वगैरे) परवाना नको.

मृदागंध: भाऊ, गोणीतलं सगळं नत्र पिकाला मिळतं असं धरलंत. जमिनीत टाकलेल्या युरियातलं निम्म्याहून जास्त हवेत उडतं नाहीतर झिरपून विहिरीत उतरतं. पानावर फवारलेलं थेट पानात जातं. आणि तीन हंगाम थांबवलंत तर लहान उद्योजक टिकायचाच नाही. नॅनो निविष्ठा कशा तपासायच्या याची केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत की.

शिवार_सांगली: गोणीतलं एक तृतीयांशच नत्र लागू पडतं म्हणा, तरी सहा-सात किलो होतं. नंतर बाटलीतलं नत्र वाढवलं. २० टक्के धरलं तरी १०० ग्रॅमच. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षं प्रयोग केले: निम्मं नत्र नेहमीसारखं, बाकीच्याऐवजी नॅनो फवारणी. भाताचं उत्पादन १३ टक्के घटलं, गव्हाचं २१.६ टक्के. हे विक्रीआधी कळायला हवं होतं. आणि मार्गदर्शक तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे.

कापूसवाली: फवारणाऱ्याचं कुणी बोलेल का? आमच्याकडे पाठीवर पंप आणि तोंडाला रुमाल, एवढंच. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली. ती कीटकनाशकं होती, युरिया विष नाही, मान्य. पण उद्या नॅनो कीटकनाशकं याच वाटेने येतील.

मृदागंध: ताई, मुद्दा रास्त आहे, पण सरसकट नियम चुकीचा. युरिया पाण्यात विरघळतो. चांदीचे किंवा टायटॅनियम डायऑक्साइडचे (पांढऱ्या रंगासाठी वापरतात ते) कण युरियासारखे सहज विरघळत नाहीत, शरीरात साठू शकतात. युरोपीय संघाने २०२२ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड खाण्यातून काढलं ते जनुकांना इजा होण्याची शंका फिटली नाही म्हणून. पदार्थागणिक तपासा.

कापूसवाली: तपासा ना, पण विक्रीआधी. श्वासावाटे काय होतं त्याची चाचणी सक्तीची करा आणि बाटलीवर मराठीत मोठ्या अक्षरात छापा. आमच्या गावात युरियाची गोणी मागितली की दुकानदार बाटली गळ्यात मारतो. घ्यायची की नाही हेसुद्धा आमच्या हातात नाही.