छात्रसेवाकाळातील मार्गदर्शनाविषयी

चार वर्षांचा एकात्मिक बी.एड. अभ्यासक्रम आला की शिक्षकांची तयारी आपोआप सुधारेल, असे शिक्षक-प्रशिक्षणावरील चर्चेत म्हटले जाते. विषयज्ञान आणि अध्यापनशास्त्र सोबत शिकवले जाणे मलाही मोलाचे वाटते. मात्र २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतील प्रत्यक्ष अनुभव, म्हणजे छात्रसेवाकाळ, किमान २० आठवड्यांचा ठरला, तेव्हाही आपण हीच आशा बाळगली होती. त्या आठवड्यांत छात्राध्यापकाजवळ, म्हणजे शाळेत शिकवण्याचा सराव करणाऱ्या बी.एड.च्या विद्यार्थ्याजवळ, बसून बोलणारे कोण असते, हा प्रश्न चर्चेत अजून आलेला नाही.

पूर्व नागपुरातील एका शाळेत मी पाचवीला मराठी शिकवते. बऱ्याच मुलांच्या घरी हिंदी किंवा छत्तीसगढी बोलली जाते. गेल्या वर्षी आलेल्या छात्राध्यापिकेचे पाठ टाचण निर्दोष होते, पण ‘मी काल येईन’ असे लिहिणाऱ्या मुलाला तिने फक्त लाल फुली दिली. हिंदीतला ‘कल’ काल आणि उद्या या दोन्ही दिवसांसाठी चालतो, मूल तर्कानेच चुकले आहे, हे शाळा सुटल्यावर अर्धा तास बोलताना तिच्या लक्षात आले आणि दुसऱ्या दिवशी तिने त्यावरच सुंदर पाठ घेतला. या अर्ध्या तासाला ना वेळापत्रकात तासिका, ना मूल्यमापनात रकाना. मार्गदर्शक म्हणून आम्हाला प्रशिक्षणही मिळालेले नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास अपेक्षिला आहे. त्यातील काही तास छात्राध्यापकांच्या मार्गदर्शनासाठी धरावेत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.