ड्रिलचं बिट अडकलं की मशीनच हाताला पिळा घालते, आधार कसा द्यावा?

मंडळी, खानापूरजवळच्या आमच्या जुन्या कौलारू घराचा पोटमाळा दुरुस्त करतोय. मत्तीच्या (तुमच्याकडे ऐन म्हणत असतील) तुळईला दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या लावायच्या आहेत. बोल्टसाठी 20 मिमीची आडवी, आरपार भोकं हवीत. तुळई आठ इंच जाड.

मशीन 1,050 वॅटची, दोन गिअरची. बिट ऑगरचं, टोकाला स्क्रू असलेलं. ते आपणहून लाकडात ओढत जातं, दाबावं लागत नाही. चार भोकं झाली, पाचव्याला गाठ लागली. बिट जागीच थांबलं आणि मशीन उलटी फिरली. मनगट मुरगळण्यावर भागलं. शिडीवर नव्हतो, परांची बांधली होती, हेच नशीब. वर ट्रिगरचं लॉक लावून ठेवलं होतं, म्हणजे हात सुटला तरी मशीन चालूच! शिव्या घाला, हक्क आहे तुमचा.

हिशोब मांडून बघितला. मिनिटाला 500 फेरे आणि सगळी ताकद बिटापर्यंत पोचते असं धरलं, तर पिळा साधारण 20 न्यूटन-मीटर. 15 सेंमीच्या हँडलवर तो 13-14 किलो होतो, 60 सेंमीच्या पाइपवर साडेतीन किलोच्या आत. अडकतानाचा झटका अर्थातच याहून मोठा. म्हणून बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून दोन फुटी पाइपचं हँडल करून घ्यावं म्हणतोय. पण तो पाइप हाताने धरायचा, की कशाला टेकवायचा?

प्रतिसाद
अण्णा, हाताने नको, टेकवाच. बिट घड्याळाच्या दिशेने फिरतं, म्हणून अडकलं की मशीन उलट जाते. तुम्ही तुळईकडे तोंड करून उभे असाल तर डावीकडचा पाइप खाली येणार. त्याच्याखाली परांचीला एक बल्ली घट्ट बांधा, बिटाला समांतर. भोक पडत जाईल तशी मशीन आठ इंच पुढे सरकते, तेवढी लांबी हवीच. सुरू करण्याआधीच पाइप बल्लीला चिकटलेला असू दे. बोटभर फट राहिली तरी झटका बसतो. आणि दोघांच्या मध्ये बोटं नकोत.

हँडलचा पट्टा मशीनच्या गळ्यावर घसरला तर सगळं फुकट, तो कसून आवळा. दर दीड-दोन इंचांना बिट मागे घेऊन भुसा काढा. गाठीशी आवाज जड झाला की ट्रिगर सोडा, जोर लावू नका.

धागाकर्ता
बल्ली समांतर हवी हे डोक्यातच आलं नव्हतं, मी उभा टेकू लावणार होतो. मनगटाची सूज उतरली की करतो.